दुसरा डॉलर

३ मार्च, मंगळवार

दिवसभर डॉलरांशी झटापट. यातला एकही खिशात येत नाही म्हणून नवरा हसतो. तो शाळेत भूगोल शिकवतो. त्याच्या लेखी माझं काम म्हणजे कीबोर्डवरची चिन्हं इकडची तिकडे करणं. इतक्या वर्षांत एकदाही त्याने विचारलं नाही की बाई, तू नक्की करतेस तरी काय. म्हणून इथेच लिहिते. वहीला तरी कळू दे.

आमची कंपनी सलाईनच्या पंपांचं सॉफ्टवेअर करते. त्याचे शेकडो तुकडे असतात. ते कोणत्या क्रमाने जोडायचे हे मेकफाईल नावाच्या फाईलमध्ये लिहून द्यायचं, आणि मेक नावाचा मुकादम ते करून घेतो. मुकादम कामाला वाघ, पण खोडी फार. डॉलरचं चिन्ह दिसलं की त्याला वाटतं पुढे एखाद्या डब्याचं, म्हणजे मजकूर साठवून ठेवलेल्या जागेचं नाव आहे. लगेच डबा उघडून आतलं तिथे ओततो. खरोखरचा डॉलर पलीकडे पाठवायचा तर दोनदा लिहावा लागतो. एक हा खातो, दुसरा पुढे पोचतो. # दिसलं की त्यापुढची अख्खी ओळ वाचतच नाही. आणि सगळ्यांत वाईट खोड म्हणजे, नसलेला डबा मागितला तर 'नाही' म्हणत नाही. रिकामा हात पुढे करतो आणि कामाला लागतो.

या खोड्या पकडायचं काम माझं. मी तपासण्या लिहून ठेवल्यात. एक लूप, म्हणजे तेच काम फिरून फिरून करणारा तुकडा, त्यांना ओळीने हाका मारतो, प्रत्येक तपासणी वेडीवाकडी चिन्हं घातलेली नावं मेकमधून पाठवते आणि पलीकडे ती जशीच्या तशी पोचतात का बघते. पोचली तर पडद्यावर हिरवं, नाही तर लाल. सगळं हिरवं झालं की मी सही करते. माझ्या सहीशिवाय आमच्याकडून काही बाहेर जात नाही. या सहीचा मला माज आहे. असू दे, इथे कोण वाचतंय!

छकुली आज परत तोंड फुगवून बसली. छकुली म्हणजे माझी नणंद. तिशीला आली तरी घरात छकुलीच. आमच्याकडेच राहते आणि आता माझ्याच कंपनीत आहे. मीच शब्द टाकला होता. ऑफिसात सगळे थट्टा करतात, नणंद-भावजय एका डब्यात जेवतात आणि अजून रक्तपात कसा नाही म्हणून. मी म्हणते, दृष्ट लावू नका. मला सख्खी बहीण नाही. हिच्या रूपाने मिळाली.

५ मार्च, गुरुवार

छकुलीकडे पंपाच्या आवाजांची यादी आहे. नळीत हवा शिरली तर कोणता आवाज, बॅटरी उतरली तर कोणता, पिशवी रिकामी झाली तर कोणता. हॉस्पिटलवाल्यांनी नावं पाठवताना वॉर्डांपुढे # घातलंय. तिने ती तशीच मेकफाईलमध्ये चिकटवली. झालं! # आलं तशी मुकादमाने पुढची ओळ सोडून दिली, आणि त्या ओळीतले आवाज गायब. माझी तपासणी लाल.

मी म्हटलं, "अगं, # च्या आधी उलटी तिरपी रेघ दे. त्याला सांग की हे तुझ्यासाठी नाही, पुढे जाऊ दे."

"दिली होती. मग दुसरीकडे दोनदा द्यावी लागते. मग तिसरीकडे एकदाही नाही. वहिनी, हे काय आहे काय!"

"एकेक पायरी ओलांडताना एकेक रेघ गळते. कागदावर काढून बघ."

"तू किती वेळा लाल करणारेस मला?"

"मी नाही करत गं, तपासणी करते."

"एकच आहे ते."

हसत म्हणाली, पण हसणं ओठांवरच राहिलं. बिचारीचं कायम होण्याचं पत्र अडलंय. उद्या हा माल वेळेवर गेला तर खडूस तिला कायम करणार, नाही तर आणखी सहा महिने टांगणी. खडूस म्हणजे आमचे वरिष्ठ. त्यांना हसताना पाहिलेला माणूस अजून भेटायचा आहे.

नेमकं उद्याच अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. अण्णा म्हणजे सासरे. नवऱ्याच्या शाळेत परीक्षा आहे, तेव्हा मी जाणार. छकुली म्हणाली, "तूच जा वहिनी, अण्णांना तूच लागतेस. फक्त तुझं मशीन उघडं ठेव. मला सारखं तपासून बघता येईल." लेक असून बापापाशी जाण्यापेक्षा कामाला थांबतेय, किती जबाबदार झालीये पोरगी!

६ मार्च, शुक्रवार

ऑपरेशन छान झालं. अण्णा आत जाताना माझा हात सोडेनात. मला म्हणाले, "सूनबाई, डोळा बिघडला तर एक आहे अजून, पण तू गेलीस तर कोण वाचून दाखवेल पेपर?" डॉक्टरही हसले. दुपारी त्यांना घरी आणून शेजारच्या काकूंना बसवलं आणि ऑफिस गाठलं.

तर काय, सगळं हिरवं! छकुली पर्स खांद्याला लावून निघायच्या तयारीत. "झालं वहिनी. जमलं एकदाचं. मी जाते अण्णांपाशी, तू सही करून ये." मी पुन्हा एकदा तपासण्या चालवल्या. नेहमीपेक्षा लवकर उरकल्या. म्हटलं, चला, आज मशीनसुद्धा खुशीत आहे. माझ्या मशीनवर काही फायली बदललेल्या पडल्या होत्या, कालपासूनचं माझंच अर्धवट काम. सगळ्या एका झटक्यात कंपनीच्या साठ्यात आत टाकल्या आणि सही ठोकली.

येताना डोळ्यांचे थेंब घेतले. घरी आले तर बहीण-भाऊ स्वयंपाकघरात उभे, दिवाही लावला नव्हता. मी आले तशी दोघं गप्प. शेजारच्या खोलीत अण्णा पट्टी बांधून पडले होते, त्यांना झोप लागावी म्हणून असेल. छकुलीचे डोळे लाल होते. बापाची पट्टी बघून भडभडून आलं असणार.

७ मार्च, शनिवार

छकुली कायम झाली. पत्र मिळालं! मी तिला मिठी मारली तर ही हमसून हमसून रडायला लागली. म्हटलं, अगं रडायला काय झालं, पगार वाढला की कापला? तर आणखीच रडली. नवरा तिला बाहेर घेऊन गेला, जरा वारं लागेल म्हणून.

अण्णांची पट्टी निघाली. मी विचारलं, "काय दिसतं?" तर म्हणाले, "सगळं." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१६ मार्च, सोमवार

जमेल तसं लिहिते.

सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. एका पेशंटची सलाईन संपली आणि पंप वाजलाच नाही. नळीत रक्त उलटं चढलं. नर्स दुसऱ्याच कामासाठी त्या खाटेजवळ गेली म्हणून निभावलं. पेशंट बरा आहे. बरा आहे, बरा आहे, हे मी दिवसभर स्वतःला सांगतेय.

पिशवी रिकामी झाल्याचा आवाज पंपात भरलेलाच नव्हता. पण त्याची तपासणी आहे, मी स्वतः लिहिलेली. आणि ती हिरवी होती. कसं शक्य आहे?

१७ मार्च, मंगळवार

खडूसनी मला त्यांच्या केबिनमध्ये बसवलं, दार लावलं आणि मेकफाईल वरून खाली एकेक ओळ वाचायला लावली. लूपपाशी आलो आणि त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"इथे किती डॉलर हवेत?"

"दोन."

"किती आहेत?"

एकच होता.

तिथे तपासणीचं नाव येतं, आणि ते नाव लूप देतो, मेक नाही. म्हणून दोन डॉलर. एकच ठेवला तर मेकला वाटतं आपल्याच डब्याचं नाव आहे. तसा डबाच नाही. मुकादमाने रिकामा हात पुढे केला. लूप फिरत राहिला, तपासणीला बोलावत राहिला, पण काय तपास हे सांगणारं नावच नाही. आणि नाव न देता बोलावलं तर माझा प्रोग्राम म्हणतो, 'तपासायला काही नाही. सगळं ठीक.' हिरवं.

"नाव नसताना 'सगळं ठीक' कोण म्हणतं?" खडूसनी विचारलं. ते वाक्य माझंच आहे. तेव्हा सभ्यपणाचं वाटलं होतं.

एक डॉलर गेला कधी ते त्यांनी साठ्याच्या नोंदींत शोधलं. ६ मार्च, संध्याकाळ. माझं नाव, माझं मशीन, माझ्याच हाताने आत टाकलेली फाईल.

"आठवतंय?"

नाही आठवत. शप्पथ नाही आठवत. पण दिसतंय ते दिसतंय, हाताच्या काकणाला आरसा कशाला. म्हटलं, "ऑपरेशनच्या धावपळीत झालं असेल." त्यांनी पडदा बंद केला. मग म्हणाले, "चौकशी होईपर्यंत हे तुमच्या-माझ्यातच. ऑफिसात कोणाशी नाही, घरीही नाही. डॉलरबद्दल अवाक्षर नाही."

१८ मार्च, बुधवार

छकुलीशीही बोलता येत नाही, याचं वाईट वाटतं. ती जेवणाच्या सुट्टीत आलीच नाही डबा खायला. डोकं दुखतंय म्हणाली.

घरी नवऱ्याला एवढंच सांगितलं की माझ्या तपासण्या चालल्या नाहीत आणि बहुतेक चूक माझी आहे. जास्त बोलायची परवानगी नव्हती आणि अंगात त्राणही नव्हतं. त्याने काहीच विचारलं नाही. किती समजूतदार! चहा करून आणला (लग्नानंतर दुसऱ्यांदा), शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "तू दमतेस फार. कबूल करून मोकळी हो. तू जुनी आहेस, तुला सांभाळून घेतील. एका डॉलरपायी कोणी फासावर चढत नाही."

मग मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. नवरा असावा तर असा.

अण्णा दारात उभे होते. माझं लक्ष गेलं तसे काठी टेकत परत गेले.

२० मार्च, शुक्रवार

कंपनीच्या मालकीणबाई, खडूस, हॉस्पिटलची दोन माणसं आणि मी. कागदावर लिहून दिलं की चूक माझी. सही केली. गंमत बघा, माझी शेवटची सही ही. आता माझ्या सहीने काही बाहेर जाणार नाही. नोकरी राहिली, जागा गेली. मला मागच्या खोलीत जुन्या पंपांच्या तक्रारी वाचायला बसवलंय. तिथे खिडकी आहे, पण ती भिंतीवर उघडते.

तपासण्यांचं काम छकुलीकडे दिलं. "तिला तुम्हीच शिकवलंय ना?" मालकीणबाई म्हणाल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं कोणीतरी मागे कुजबुजलं. मला राग आला त्या माणसाचा. तिचा काय दोष? मी स्वतः तिला माझी खुर्ची दाखवली, पाठीमागे लावायची उशी दिली. उशी घेताना तिने माझ्याकडे बघितलं नाही. संकोचली असेल.

रात्रीचे थेंब घालताना अण्णा अचानक म्हणाले, "सूनबाई, तू सगळं नीट तपासून घेत जा गं."

"आता काय तपासू अण्णा? गेलं ते काम."

"तरी." एवढंच म्हणाले. म्हातारपणी माणसं तेच तेच बोलतात.

२४ मार्च, मंगळवार

मला वेड लागतंय का, हे बघायचं ठरवलं.

मागच्या खोलीतल्या मशीनवर तो लूप कोरा लिहून काढला. न बघता. मग पुन्हा, मग खिडकीबाहेर बघत. मग फोनवर बोलता बोलता, नवऱ्याशी भांडताना लिहितात तशा तिरमिरीत. बोटं दर वेळी डॉलर दोनदा दाबतात. शेवटी म्हटलं, मुद्दाम चूक कर. एकदाच दाब. तर बोट आपोआप परत खाली. हसू आलं आणि रडूही. माझ्या हातून ही चूक होऊ शकत नाही, आणि कागदावर लिहून दिलंय की झाली.

आणि माझं नेहमीचं अर्धवट काम त्या दिवशी आवाजांच्या तपासणीच्या फायलींमध्ये होतं. लूपची फाईल मी आदल्या दिवशी उघडली कशासाठी असेल? आठवत नाही. आठवायला गेलं की डोक्यात रिकामं.

नवऱ्याला सांगितलं की मला वाटतं मी नाही केलं हे. तो म्हणाला, "पुन्हा तेच? तू एखाद्या चांगल्या डॉक्टरला का दाखवत नाहीस?" प्रेमानेच म्हणाला.

संशय आला होता खडूसचा. फाईल त्यांनीच उघडली, बोट त्यांनीच ठेवलं. पण हा माणूस स्वतःहून मागच्या खोलीत आला आणि म्हणाला, "तुम्ही दुसरा डॉलर विसरणं म्हणजे मी हसणं." आणि गेला. त्यांना विनोद करता येतो हे मला ठाऊक नव्हतं.

२८ मार्च, शनिवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण कुठे तरी टाकायलाच हवं हे.

दुपारी आम्ही दोघं मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, दुसरीकडे नोकरी बघते, इथे तोंड दाखवायची लाज वाटते. तो वैतागला. "अगं किती दिवस तेच ते? लूपमधला दुसरा डॉलर राहिला, एवढीच तर चूक!"

नवऱ्याच्या तोंडून 'लूप' हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

"तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"लूप. दुसरा डॉलर."

"तूच."

"मी नाही सांगितलं."

"मग छकुलीने सांगितलं असेल. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे आता."

बरोबर होतं. आता सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुढची शेंग उचलली, आणि तेव्हा मला तो बुधवार आठवला. चहा, पाठीवरचा हात. 'एका डॉलरपायी कोणी फासावर चढत नाही.' त्या बुधवारी डॉलरची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. मला आणि खडूसना. आणि ज्याने डॉलर काढला त्याला.

मी त्याच्याकडे बघितलं. मला काही बोलावंच लागलं नाही. त्याचा चेहरा पडला, मटारचं भांडं कलंडलं, आणि हा खाली वाकून दाणे वेचायला लागला. भूगोल शिकवणारा, वर्गाला दरडावणारा माझा नवरा पलंगाखालचे दाणे वेचतोय, आणि वर बघायची त्याला हिंमत नाही.

"छकुली!" मी हाक मारली. ती आतल्या खोलीच्या दारातच उभी होती.

"वहिनी, मी एका रात्रीपुरतंच काढला होता. देवाशपथ. सकाळी येऊन यादी दुरुस्त करणार होते, डॉलर परत घालणार होते. तू लगेच सही केलीस आणि माल त्याच रात्री गेला. मी त्याच संध्याकाळी तुला सांगणार होते. दादा म्हणाला, थांब."

"मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा खालूनच म्हणाला. "काही होणार नाही असं वाटलं होतं. आणि झालं तेव्हा... हिला हाकलून दिलं असतं गं. पुन्हा या कामात कोणी उभं केलं नसतं. तुझं तसं नाही. तुला सांभाळून घेतील हे मला माहीत होतं. घेतलंच की."

"आणि मी डॉक्टरकडे जायचं?"

तो पलंगाखाली आणखी आत वाकला.

"मला वेड लागलंय असं वाटत होतं मला. रोज बोटं तपासत होते मी स्वतःची. तू बघत होतास."

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस. तुझा स्वभाव माहीत आहे मला. नियम म्हणजे नियम."

हे ऐकून मात्र मला हसूच आलं. म्हटलं, "मला विचारलं असतंत ना, तर मी हो म्हणाले असते. हिच्यासाठी घेतला असता आळ. ओरडले असते, चार दिवस बोलले नसते, आणि मग घेतला असता. विचारलंच नाहीत रे तुम्ही. एकदा विचारून तरी बघायचं होतंत."

नवरा म्हणाला, "मग आता घे ना." अगदी सहज, मीठ दे ना म्हणावं तसं.

आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात, पण म्हणून ओठांना दुखत नाही की काय? बाहेरच्याने केलं असतं तर मी त्याचं नाव घेऊन गल्लीभर शिव्या घातल्या असत्या. इथे कोणाला घालू? माझ्याच घरात बसून, माझ्याच हातचं खाऊन यांनी केसाने गळा कापला माझा, आणि मी त्याच माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मला त्या रडण्याची सगळ्यांत जास्त लाज वाटते.

२९ मार्च, रविवार

अण्णांच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले.

सकाळी छकुलीला सांगितलं: "उद्या नव्या मालाची बैठक आहे. खडूस शेवटी विचारतात, कोणाला काही सांगायचंय का म्हणून. तेव्हा तू सांग. मी तुझ्या शेजारी बसेन. हाकलू नका म्हणून मीच रदबदली करेन."

"खरंच करशील?"

"करेन."

तिने माझा हात घट्ट धरला. मला क्षणभर वाटलं, असू दे, अजून सगळं संपलेलं नाही.

३० मार्च, सोमवार

लांब टेबल, मालकीणबाई टोकाला, हॉस्पिटलची माणसं, खडूस. मी छकुलीच्या शेजारी. पाठीमागे तिला माझी उशी होती. पडद्यावर सगळं हिरवं.

खडूसनी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?"

छकुलीने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखालून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने घसा साफ केला, हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाली, "नाही सर. सगळं ठीक आहे."

माझ्याच प्रोग्रामचं वाक्य. नाव नसताना म्हणायला मीच त्याला शिकवलेलं.

"मला सांगायचंय," मी म्हटलं, आणि सांगितलं. आवाज चढवला नाही. ऑपरेशन, उघडं मशीन, एक डॉलर, बुधवारचा चहा. छकुली टेबलाकडे बघत म्हणाली, "वहिनींची तब्येत बरी नाहीये. दादा त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे." तालीम करून आल्यासारखं म्हणाली. काल मी अण्णांच्या खोलीत होते तेव्हा झाली असणार तालीम.

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "घरातली भांडणं इथे आणू नका हो. काही पुरावा आहे?"

नव्हता. पुराव्यावर तर माझंच नाव आहे.

"पुराव्याचं नंतर बघू," खडूस म्हणाले. "आत्ता, इथेच, ह्यांना एक बदल करू द्या." आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी माझ्या प्रोग्राममधली ती सभ्य ओळ पुसली. तिथे लिहिलं: नाव रिकामं आलं तर थांब, लाल दाखव. मग लूप चालवला.

पडदा लाल झाला. पहिल्याच ओळीला.

लूपमध्ये अजून एकच डॉलर होता. खडूसनी १७ तारखेलाच तो दुसरा डॉलर परत घातला होता, मी शेजारी बसून बघितलं होतं. त्यानंतर फाईल एकाच माणसाकडे होती. तिला आवाजांची यादी अजून जमली नव्हती, म्हणून तिने पुन्हा तेच केलं होतं. पुन्हा 'एका रात्रीपुरतं'.

मी ओरडले नाही. हॉस्पिटलचा माणूस उभा राहिला एवढं आठवतंय. खडूस फक्त छकुलीला म्हणाले, "तुम्ही बसा." मला वाटलं होतं आनंद होईल. आनंद नाही झाला. कुठल्यातरी दुसऱ्या खाटेपाशी पुन्हा एक पंप गप्प बसला असता, आणि हिने माझ्याकडे बघत 'सगळं ठीक' म्हटलं असतं.

जिन्यात तिने मला गाठलं. "वहिनी, तू अशी असशील असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं," मी म्हटलं.

३१ मार्च, मंगळवार

नवरा छकुलीला घेऊन मावशीकडे गेलाय. जाताना म्हणाला, "घरचं बाहेर नेलंस. आता मिळाली ना तुझी सही परत?" मिळाली. खडूसनी सकाळी फोन केला होता. मी त्याला सांगितलं नाही. बॅगेची चेन अडकली होती, ती मात्र सवयीने लावून दिली.

घरात अण्णा आणि मी. थेंबांची वेळ झाली. ते पलंगावर उताणे झाले, मी बाटली हलवली.

"सूनबाई."

"हं."

"मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. डोळ्यावर पट्टी होती, कानावर नव्हती. दोघं स्वयंपाकघरात बोलत होती. रोज म्हणत होतो, उद्या सांगतो हिला. पोटची पोरं गं."

बाटली माझ्या हातात तशीच राहिली. याच माणसाने ऑपरेशनला जाताना माझा हात सोडला नव्हता. म्हणजे घरात चौघं होतो, आणि तिघांना ठाऊक होतं. अळीमिळी गुपचिळी. मी एकटीच रोज बोटं मोजत होते.

"बोल ना काहीतरी," अण्णा म्हणाले. ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

"पुसू नका," मी म्हटलं. "हात लावायचा नाही अजून." कापसाने त्यांची कड टिपली, पापणी बोटाने वर धरली. "डोळा उघडा ठेवा." आणि थेंब घातला.